पोत्यांच्या खोलीची खिडकी

पासली, ता. वेल्हे
१६ जानेवारी २०२५

श्री. रा. रा. चिमाजीराव व्याही, मु. किकवी, यांस
पासलीहून बाजीचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून तुम्ही आधी चष्मा शोधाल आणि मग विहीणबाईंना विचाराल, की पासलीचे मोबाईल बंद पडले की काय. तसं काही नाही. पण इथं रेंज फक्त उंबऱ्यात येते, आणि मी उंबऱ्यात उभा राहून बोलायला लागलो की खालच्या वाडीपर्यंत ऐकू जातं. जे लिहितोय ते सुनेच्या कानावर जायचं नाही. ती तुमची लेक आहे हे मला ठाऊक आहे, तरी तुम्हालाच लिहितोय. यावरून माझी अडचण ओळखा.

जुन्या घराशेजारी नवीन घर बांधायचं ठरलं. पाया शिमग्याआधी, छप्पर पावसाआधी. नकाशा प्रेरणानंच काढला. भोरच्या आयटीआयात ती हेच शिकली, तेव्हा बाहेरच्याला कशाला सांगायचं, असं पोरगा सिद्धनाथ म्हणाला. संक्रांतीला तिनं तो कागद खाटेवर पसरला. सगळे वाकून बघत होते. मीही वाकलो, मान हलवली, झकास झालाय म्हणालो. खरं सांगतो व्याही, मला त्यातलं काडीचंही कळलं नाही. चाळीस वर्षं सुतारकी केली, या खोऱ्यातली निम्मी दारं माझ्या हातची आहेत, आणि घरच्याच कागदापुढं मी ठार अडाणी.

सिद्धनाथनं इंग्रजी अक्षरं वाचून दाखवली. हॉल, किचन, बेडरूम, दुसरी बेडरूम, मागं स्टोअर. स्टोअर म्हणजे भाताच्या पोत्यांची खोली. बास, संपलं घर. पडवी नाही. माझं सगळं काम जुन्या पडवीत चालतं, तुम्ही पाहिलंय. दिवाळीत पोरगा म्हणाला होता, की दादा, आता बास करा, आराम करा. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आता वाटतं, ते नुसतं बोलणं नव्हतं, कागदावर उतरलं.

तुम्ही तीस वर्षं कंपनीत असले कागद वाचून लोखंड कापलंत. मला वाचायला शिकवा. या घरात मी कुठं आहे, की नाहीच, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. पोरांना विचारणार नाही. हो म्हणाले तर दया केली असं वाटेल आणि नाही म्हणाले तर काय करू? प्रेरणाला यातलं अक्षर कळू देऊ नका.

भागूबाईचा विहीणबाईंना नमस्कार. तिळगूळ आमचा गोड लागला असेल तर बोलणंही गोड ठेवा.

आपला,
बाजी


किकवी, ता. भोर
२४ जानेवारी २०२५

श्री. रा. रा. बाजीराव व्याही यांस
चिमाजीचा कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. चष्मा डोळ्यावरच होता. तुमच्या विहीणबाईंनी मात्र पाकिटावरचं अक्षर बघून विचारलं, की कोंबडी शाईत पडली होती का. मी त्यांना गप्प केलं.

लग्नात मांडवाचा खांब मी रेषेत लावला, तेव्हा तुम्ही चारचौघांत म्हणाला होता, की कंपनीतल्या माणसाला लाकूड काय कळणार. ते मी विसरलेलो नाही. आता मास्तर मी आहे. पाटी घेऊन बसा.

पहिला धडा. एक वस्तू एका चित्रात मावत नाही, म्हणून ती तीनदा काढतात. एक वरून, म्हणजे घरावर घार थांबली तर तिला दिसेल तसं. पण छप्पर आड येईल, म्हणून खिडकीच्या उंचीवर घर आडवं कापून वरचा भाग बाजूला ठेवला असं धरायचं. दुसरं समोरून, अंगणात आलेल्या पाहुण्याला दिसेल तसं. तिसऱ्याचं पुढं सांगेन, एकदम पचायचं नाही. तीनही चित्रं एकाच घराची. एकात कळलं नाही ते दुसऱ्यात शोधायचं. एकच बघून रुसून बसायचं नाही.

दुसरा धडा रेघांचा. जाड रेघ म्हणजे भिंत. बारीक रेघ, दोन टोकांना बाण, वर आकडा, ते माप. तुटक तुटक रेघ म्हणजे वस्तू तिथं आहे, पण या बाजूनं दिसत नाही, एक तर कशाच्या आड आहे नाही तर डोक्यावर आहे. तुटक आहे म्हणून ती रेघ कमी मोलाची समजू नका.

आकडे मिलिमीटरमध्ये असतात. तुमचे इंच आणि सूत जरा ट्रंकेत ठेवा. तीनशे म्हणजे एक फूट धरा, नऊशे म्हणजे तीन. नकाशाची एक झेरॉक्स मला पाठवा, म्हणजे दोघांपुढं एकच कागद राहील.

प्रेरणाला कळणार नाही, शब्द दिला. ती फोनवर तुमच्याबद्दल बोलते तेव्हा मी खोकतो आणि विषय बदलतो. तिला वाटतंय मला दम्याचा त्रास सुरू झाला.

राग असेल तर पत्रात काढावा, पण लोभ पेटीत जपून ठेवावा.

आपला,
चिमाजी


पासली
६ फेब्रुवारी २०२५

श्री. चिमाजीराव मास्तर यांस
विद्यार्थी बाजीचा सा. न. वि. वि.

सोबत झेरॉक्स आहे. वेल्ह्याला दोन काढल्या, एक तुम्हाला, एक मला. खरा कागद परत कपाटात ठेवला, त्यावर एक खूणही केली नाही.

तुम्ही सांगितलं तसं वाचायला बसलो आणि पहिल्याच दिवशी तुमच्या लेकीची चूक सापडली. कोपऱ्यात एकास पन्नास लिहिलंय. म्हणून मी पट्टी काढली, कागदावर लावली, पन्नासनं गुणलं. हॉल साडेआठ फुटांचा निघाला! त्यावर लिहिलेला आकडा मात्र ३६६०, म्हणजे बारा फूट. आता मी दुसऱ्याच्या लिहिण्यावर विश्वास ठेवू की माझ्या पट्टीवर? चाळीस वर्षांत पट्टी कधी खोटं बोलली नाही. मी भागूबाईला सांगितलं, की या हॉलमध्ये पाहुणा बसला तर त्याचे पाय अंगणात राहतील. तिनं सगळ्या आळीला सांगितलं. सिद्धनाथ माझ्याकडं बघून नुसता हसला.

हे सोडा. दुसरं जे सापडलं त्यानं जेवण गेलंय. घराच्या बरोबर मधून एक रेघ गेली आहे. लांब तुकडा, ठिपका, लांब तुकडा. दोन्ही टोकांना बाण आणि इंग्रजी ए. ही रेघ किचनच्या आरपार जाते, मग भिंत ओलांडून पोत्यांच्या खोलीत शिरते आणि मागून बाहेर पडते. भिंत नाही, माप नाही. मग काय आहे? आमच्याकडं घरातून अशी रेघ एकाच कामासाठी ओढतात. वाटणीसाठी. एका बाजूला पोरं, एका बाजूला आम्ही दोघं, चूल वेगळी.

व्याही, मी प्रेरणाला कधी सून म्हणून वागवलं नाही, लेकच मानलं. तिनं असं का करावं? वेगळं व्हायचं तर तोंडानं सांगावं. भागूबाईला हे बोललो नाही, ती रडेल. तुम्ही बाप आहात तिचे, खरं काय ते कळवा. मन घट्ट करून ठेवलंय.

आपला,
बाजी


किकवी
१३ फेब्रुवारी २०२५

श्री. बाजीराव व्याही यांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी इतका हसलो, की शेजारचा सोनबा चहाचा कप हातात घेऊन बघायला आला. मग शेवटचं वाचलं आणि हसू थांबलं. आधी तेच सांगतो. वाटणी नाही, वेगळी चूल नाही. जेवा.

तिसरा धडा मी राखून ठेवला होता, ती माझी चूक. ती रेघ म्हणजे कापायची खूण. वरून घर दिसलं, समोरून दिसलं, पण आतली उंची कशी दिसणार? जोतं किती, खिडकी जमिनीपासून किती वर, छज्जा किती पुढं? म्हणून घर कलिंगडासारखं उभं कापतात आणि आतलं दाखवतात. कुठं कापलं ते सांगायला ती ए-ए रेघ, आणि कापून कुणीकडं बघायचं ते सांगायला बाण. कागदाच्या खाली उजवीकडं तिसरं चित्र आहे, त्याच्याखाली ए-ए लिहिलंय. तेच कापलेलं घर. घर कापलेलं नाही, घराचं चित्र कापलंय.

आता हॉल. वेल्ह्याच्या झेरॉक्सवाल्यानं मोठा कागद लहान कागदावर बसवला. सगळं घर आक्रसलं, आकडे मात्र तेच राहिले. कागदावर पट्टी लावायची नाही, लिहिलेला आकडा वाचायचा, हे आम्हाला कंपनीत पहिल्या दिवशी सांगितलं होतं. कागद आक्रसतो, भिजतो, फाटतो. आकडा लिहिणाऱ्यानं विचार करून लिहिलेला असतो. चाळीस वर्षांत तुमची पट्टी खोटं बोलली नाही, कारण ती लाकडावर लावत होता. आळीला आता काय सांगायचं ते तुम्ही आणि विहीणबाई ठरवा.

आणखी एक. झेरॉक्स मी दुपारभर पाहिली. या कागदात मला तुम्ही दिसलात, व्याही. कुठं ते सांगणार नाही. मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, की व्याह्यानं समजूत घातली. तुम्ही स्वतः वाचलंत तर ते प्रेरणाचं सांगणं असेल.

लोभ वाढवायचा की नाही ते तुमच्या पट्टीनं मोजून ठरवा.

आपला,
चिमाजी


पासली
१८ मार्च २०२५

श्री. चिमाजीराव यांस बाजीचा सा. न. वि. वि.

वेगळी चूल नाही हे वाचल्यावर मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. तुम्हाला शिव्या द्यायच्या होत्या, पण घास तोंडात होता.

मी दिसलो म्हणता, मला मात्र अजून दिसत नाही. रोज कागद उघडतो. हॉलमध्ये टीव्हीची भिंत, किचनमध्ये ओटा, बेडरूममध्ये पलंगाचा चौकोन, हे आता सगळं वाचता येतं. दाराजवळचा पाव गोल म्हणजे दार कुणीकडं उघडतं ते, हेही न सांगता ओळखलं. पण बसून रंधा मारावा अशी जागा कुठं नाही. तुम्ही समजूतच घातली असणार, असं वाटू लागलंय.

प्रेरणा बाळंतपणाला तुमच्याकडं आली तेव्हापासून घर सुनं वाटतं. डॉक्टर सगळं ठीक म्हणाले हे कळलं, बरं वाटलं. तिला दूध वेळेवर द्या, चहाच मागते ती.

इथं भिंती वर येताहेत. सिद्धनाथ सकाळी कंपनीत जातो, रात्री येतो, म्हणून देखरेख माझ्याकडं आहे. आणि बरं झालं मी होतो! गवंडी मानसिंग परवा त्याच्याकडची नकाशाची प्रत घेऊन आला. म्हणाला, की बाजीदा, पोत्यांच्या खोलीची खिडकी जमिनीपासून फूटभरच वर दाखवलीय, बाकी सगळ्या तीन फुटांवर हायत, पोरीची चूक झाली जणू, पोत्यांना पाणी लागंल न्हाईतर उंदीर शिरंल. मी पाहिलं. खरंच ३००. आमच्या पासलीचा पाऊस आडवा येतो, एवढ्या खाली खिडकी कोण ठेवतं? मी कानावरची पेन्सिल काढली, ३०० खोडलं, ९०० लिहिलं. मानसिंगनं संध्याकाळपर्यंत दोन फूट वीट चढवली. बघा, तुमच्या शिकवणीचा किती फायदा. तिला सांगू नका, या दिवसांत जिवाला लावून घेईल. चूक कुणाचीही होते.

तुमचा हुशार विद्यार्थी,
बाजी


किकवी
२४ मार्च २०२५

श्री. बाजी व्याही यांस

राव आज काढून टाकला आहे. नमस्कार पत्राच्या शेवटी करीन.

आमच्या कंपनीत एकानं न विचारता ड्रॉइंगला पेन्सिल लावली होती. साहेबानं त्याला आठ दिवस नुसतं झाडायला लावलं. तुम्ही इथं असता तर मी तुमच्या हातात खराटा दिला असता. आकडा विचित्र वाटला तर काढणाऱ्याला विचारायचं. तो विचित्र का आहे, हे आधी शोधायचं. चूक असेल तर ती खोडण्याचा हक्क काढणाऱ्याचा.

प्रेरणा शेजारच्या खोलीत पाय वर घेऊन बसली आहे, म्हणून मोठ्यानं ओरडता येत नाही, लिहूनच ओरडतो. ती दूध पिते. तुमचं नाव सांगितलं की पिते, नाहीतर नाही.

आता शेवटचा धडा, नीट ऐका. घर कापायची रेघ माणूस कुठंही ओढत नाही. जिथं दाखवण्यासारखं काही आहे, तिथूनच कापतो. माझ्या लेकीला हॉल होता, देव्हारा होता, तिच्या स्वतःच्या बेडरूमची नवीन तऱ्हेची खिडकी होती. ते सगळं सोडून तिनं रेघ पोत्यांच्या खोलीतून का नेली? भाताच्या पोत्यांमध्ये कापून बघण्यासारखं काय असतं? तुम्ही आयुष्यभर भात पिकवलाय, तुम्हीच सांगा.

आणि वरून काढलेल्या चित्रात त्याच खोलीच्या बाहेर, खिडकीला लागून, एक तुटक रेघ आहे. दुसऱ्या कुठल्या खिडकीला तेवढी मोठी नाही. तुटक रेघ म्हणजे काय, ते मी जानेवारीत लिहिलंय. पत्र चुलीत घातलं नसेल तर काढून वाचा. मग तीनही चित्रं एकावर एक मनात ठेवा. कागद घेऊन त्या खोलीत जा.

सा. न. वि. वि. लोभ तुमच्या पुढच्या पत्रापर्यंत स्थगित.

चिमाजी


पासली
१ एप्रिल २०२५

ती. चिमाजीराव यांस
बाजीचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आजचा दिवस थट्टेचा असतो, पण हे सगळं खरं लिहितोय.

तुमचं पत्र घेऊन मी त्या खोलीत गेलो. मजूर जेवायला गेले होते. आधी तुटक रेघ पाहिली. डोक्यावर आहे पण दिसत नाही, म्हणजे छज्जा. तीन फूट बाहेर. बाकी खिडक्यांना दीड. मग समोरच्या चित्रात पुढच्या खिडक्या, सगळ्या तीन फुटांवर. मग कापलेल्या चित्रात मागची ही, जमीन, फूटभर भिंत, वर उजेड. उभं राहून बघत होतो, काही जुळेना. पाय दुखले म्हणून मुरमावर बसलो. सवयीनं पाय पुढं पसरले, तळव्यांत लाकूड धरायला पसरतो तसे.

समोर मानसिंगची नवी वीट होती. डोक्यापर्यंत भिंत, हातांवर अंधार.

व्याही, मी तसाच उठलो आणि जुन्या पडवीत गेलो. तिथं माझ्या बसायच्या जागेसमोर कठडा आहे ना, त्याला टेप लावला. जमिनीपासून बरोबर तीनशे. मग आत जाऊन भागूबाईला विचारलं, की प्रेरणानं कधी पडवीत माप घेतलं होतं का. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, की दिवाळीत तुमी रानात गेला व्हता तवा घेतलं, कठड्याचं घेतलं, तुमच्या गोणपाटापासून भिंतीपतूर घेतलं, मलाच पाय पसरून बसवलं व्हतं. मी म्हणालो, मग मला सांगितलं का नाहीस? तर म्हणते, तुमी इचारलं का? दोन महिनं कागद घेऊन कोपऱ्यात बसताय, म्या म्हटलं काय तरी सरकारी असंल.

मग मी पुन्हा त्या खोलीत जाऊन बसलो आणि रडलो. हे तुम्हालाच लिहितोय. पोरीनं माझ्या बसण्याचं माप घेतलं. पाऊस आडवा येतो म्हणून छज्जा तीन फूट काढला. आणि सगळं घर कापायचं तर माझ्या खोलीतून कापलं. मी त्याच रेघेला वाटणी म्हणालो. आणि एवढ्यावर न थांबता तिच्या आकड्यावर पेन्सिल मारली.

मानसिंग जेवून आला तेव्हा मी दोन थर काढले होते. तो म्हणाला, की बाजीदा, तुमीच तर सांगितलं व्हतं. मी म्हणालो, माझीच चूक, पोरीची नव्हे. दोन फूट वीट मी माझ्या हातानं उतरवली, एक बोट चेंगरलं. ठीक आहे.

फक्त एक कळत नाही. तिनं त्यावर स्टोअर का लिहिलं?

तुमचा ऋणी,
बाजी


किकवी
२६ एप्रिल २०२५

श्री. रा. रा. बाजीराव व्याही यांस
आजोबा चिमाजीचा आजोबा बाजींना कृ. सा. न. वि. वि.

राव परत दिला आहे, आणि त्यावर बढतीही. परवा पहाटे प्रेरणाला मुलगी झाली. फोन झालाच आहे. तुम्ही उंबऱ्यातून जे ओरडलात ते फोनशिवायही किकवीला आलं असतं. दोघी छान आहेत. नाक तुमच्याकडचं आहे, त्याला आता इलाज नाही.

तुमचा प्रश्न मी तिला विचारला, तुमचं नाव न घेता. सहज म्हटलं, की नकाशा पाहिला गं, पोत्यांना एवढी सुंदर खिडकी कशाला? ती म्हणाली, की यांना वाटतं मामांनी आता आराम करावा, मामांना ते सोसणार नाही, आणि दोघंही एकमेकांशी बोलत नाहीत. मी नवऱ्याशी भांडले असते तर मामांना वाटलं असतं आपल्यामुळं घरात वाद झाला. म्हणून काही बोलले नाही, स्टोअर लिहिलं आणि खिडकी काढली. खोली बांधून झाली की मामा आपोआप तिथं जाऊन बसतील, मग कोण उठवणार?

व्याही, लेक माझी आहे, पण हे मी शिकवलेलं नाही.

आता तिला तुम्ही स्वतः लिहा. आणि पेन्सिल लावलीच आहे, तर ती रीतीनं निस्तरा. खऱ्या कागदाच्या कोपऱ्यात नावाच्या चौकटीवर एक छोटा तक्ता आहे, तीन-चार रिकाम्या ओळींचा. तो बदलांचा. काय बदललं, कधी, कुणी, ते तिथं लिहून सही करायची. झालेली चूक लपवायची नसते, नोंदवायची असते.

लोभ आता नातीच्या नावे करून ठेवू.

आपला,
चिमाजी


पासली
११ मे २०२५

चि. सौ. प्रेरणा हिस
पासलीहून मामांचे अनेक आशीर्वाद. बाळीस गोड पापा.

तुला पहिल्यांदाच पत्र लिहितोय. एका घरात राहणाऱ्याला कोण पत्र लिहितं? पण तुझ्या आणि माझ्यामध्ये गेले चार महिने एक कागद आहे, आणि त्याबद्दल कागदावरच बोललेलं बरं. तुझे बाबा सगळं सांगतील. त्यांना आता खोकायची गरज नाही.

छप्पर चढलं. कालच वळीव येऊन गेला, चांगला आडवा. मी मुद्दाम त्या खोलीत जाऊन बसलो. छज्ज्याच्या बाहेर पाणीच पाणी, आत माझ्या पावलांपाशी थेंब नाही. हातांवर उजेड होता. पोरी, मला वाटलं होतं या घरानं मला मोडीत काढलं. तसं वाटून घेतलं याची लाज वाटते. सिद्धनाथ कामावरून आला तेव्हा मी तिथंच होतो. थोड्या वेळानं तो जुन्या घरातून चहा घेऊन आला आणि मांडी घालून समोर बसला. मीच म्हणालो, की आराम मी असाच करणार. तो हो म्हणाला.

आता तुझी एक चूक. खरोखरची. त्या खोलीचं दार तू आत उघडणारं दाखवलंयस. तो पाव गोल बरोबर माझ्या पसरलेल्या पायांवर येतो. कुणी घाईनं आलं तर माझे गुडघे गेले. दार बाहेर उघडायला हवं, असं मला वाटतं. चौकट मीच करणार आहे, पण लाकूड अजून कापलेलं नाही आणि नकाशाला पेन्सिल लावलेली नाही. तू काढलंयस, तू ठरव.

खरा कागद कपाटातून काढला. कोपऱ्यातल्या तक्त्यात दोन ओळी मी भरल्यात, अक्षर जरा वाकडं आलंय. पहिली: खिडकी वर घेतली, १६ मार्च, न विचारता, बाजी. दुसरी: खिडकी होती तिथं आणली, १ एप्रिल, समजल्यावर, बाजी.

तिसरी ओळ दाराची. ती रिकामी ठेवलीय. बाळीला घेऊन ये आणि सही कर.

तुझे,
मामा